बाराशे हृदयांची दुरुस्ती

आमच्या घरी बकऱ्याचे हृदय वर्षातून एकदा येत असे आणि तेही उंबऱ्याबाहेरच थांबत असे. घरात मांसमच्छी वर्ज्य होती. अप्पांच्या गळ्यात लिंग होते, आईच्या, म्हणजे अव्वाच्या, देव्हाऱ्यात रोज ताजे बेलपान असे आणि जिभेची सगळी हौस कांदा-लसूण चटणीवर भागवली जाई. पण अप्पा हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत, आणि दहावीच्या मुलांना हृदय केवळ फळ्यावर दाखवून पुढच्या पाठाकडे वळणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. म्हणून दिवाळीची सुट्टी संपली की एका रविवारी ते पांढरा सदरा घालून, हातात झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन सदाभाऊंच्या मटणाच्या दुकानासमोर उभे राहत. त्या डब्यावर अव्वाने तांबड्या रंगाची जाड फुली मारून ठेवली होती. चुकूनही तो तिच्या भांड्यांत मिसळू नये, एवढाच त्या फुलीचा हेतू होता. वर्षभर तो न्हाणीच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे.

रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानासमोर किती गर्दी असते हे सांगण्याची गरज नाही. त्या गर्दीत मास्तरांना पाहून लोकांना दरवर्षी नव्याने आनंद होई. "काय मास्तर, सोवळं सुटलं वाटतं एकदाचं!" असे कोणीतरी म्हणेच. सदाभाऊ मात्र गंभीर असत. "फोडून देऊ?" ते विचारत. "फोडू नका. अख्खं हवं. आणि वरच्या नळ्या कापू नका," अप्पा सांगत. "आख्खं न्यायचं आन् खायचं न्हाई. ह्यो कसला बाजार म्हणायचा, मास्तर?" असे म्हणत सदाभाऊ नळ्यांसकट हृदय काढून देत आणि गिऱ्हाइकांना बजावत, "ह्ये शाळंचं हाय, पावणं. ह्याच्याकडं बघायचं न्हाई." मी अप्पांच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर बसून तो डबा मांडीवर धरी. माझे नाव उमा. त्या वर्षी मी नववीत होते, म्हणजे तो तास माझ्या वर्गाचा नव्हता, पण ट्रे धरण्याचा मान माझा होता.

त्याच वर्षी अप्पांचे पुस्तक छापून झाले. पुस्तक म्हणजे दहावीच्या जीवशास्त्राची उजळणी. बाजारात जाडजूड मार्गदर्शके तेव्हाही होती. पण अप्पांच्या वर्गात उचगावाहून सायकल मारत येणारी मुले होती, राधानगरीच्या बाजूने एसटीने येणाऱ्या मुली होत्या. घरी गेल्यावर म्हशींचे, शेताचे, धाकट्या भावंडांचे काम त्यांची वाट पाहत असे. या मुलांना मिळणारा निवांत वेळ म्हणजे बसमधला. तेव्हा प्रत्येक पाठ एका एसटीच्या प्रवासात वाचून संपला पाहिजे, असे माप अप्पांनी स्वतःला घालून घेतले. डाव्या पानावर एक आकृती, उजव्या पानावर दहा-बारा वाक्ये, खाली पाच प्रश्न. कोणत्याही वाक्यात एकापेक्षा जास्त नवा शब्द येणार नाही. आज इतकी वर्षे स्वतः शिकवल्यावर मला कळते की हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण आहे.

या वाक्यांची परीक्षा स्वयंपाकघरात होत असे. अव्वा सीमेपलीकडची, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की मी भिंतीला टेकून हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, अप्पा दारात पेन्सिल घेऊन उभे राहायचे. थाप, थाप, थाप असा परातीतला आवाज चालू असेपर्यंत वाक्य पास. आवाज थांबला की वाक्य नापास. "कळलं न्हाई," अव्वा पिठाचा हात हवेत तसाच धरून म्हणायची. "आतड्यात शोषण हुतंय म्हंजे काय? कोण कुणाला शोषतंय?" अप्पा खोडत, पुन्हा लिहीत. मी पुन्हा वाचायचे. मग तव्यावरची भाकरी उलटत ती "हौदू, हौदू," म्हणायची, म्हणजे हो, हो. आणि परातीतला आवाज पुन्हा सुरू व्हायचा. ज्वारीच्या कडक भाकरीचा खरपूस वास आणि पचनसंस्था या दोन गोष्टी माझ्या मनात आजही एकत्र येतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तज्ज्ञ परीक्षक म्हणून अव्वाचे नाव घालावे असे मी सुचवले होते. ती म्हणाली, "नको गं बाई. माहेरची माणसं विचारतील, मग काय सांगू?"

आकृत्यांचे काम माझ्याकडे होते. माझा हात स्थिर आहे हे अप्पांनी मी पाचवीत असतानाच हेरले होते. तेलकट दिसणाऱ्या पातळ कागदावर अप्पा पेन्सिलीने आकृती काढत आणि मी ती काळ्या शाईने गिरवत असे. नियम ठरलेले होते. रेषा एकदाच ओढायची, कुरतडायची नाही. छाया द्यायची नाही. नावाकडे जाणारी रेघ दुसऱ्या रेघेला कधीही छेदणार नाही. नावे मात्र हाताने लिहायची नव्हती. शाहूपुरीतल्या दिनकरकाकांच्या छापखान्यात अक्षरजुळणी नुकतीच संगणकावर आली होती. तिथून सगळी नावे एका गुळगुळीत कागदावर छापून येत. ती ब्लेडने एकेक कापायची आणि आकृतीच्या रेघांच्या टोकाला चिकटवायची. हे शेवटचे काम अप्पांनी पूर्णपणे माझ्यावर सोपवले. ब्लेड माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, "आता हे तुझं खातं." एखाद्या मंत्र्याला वाटले नसेल इतके महत्त्व मला वाटले.

हृदयाच्या आकृतीपाशी मी अडखळले. हृदयाला चार कप्पे: वरचे दोन म्हणजे कर्णिका, खालच्या दोन जवनिका. कागदाच्या डाव्या बाजूला अप्पांनी फिकट पेन्सिलीने 'उजवी' असे लिहिले होते आणि उजव्या बाजूला 'डावी'. मी पद्धतशीर मुलगी होते. मी कागद टेबलावर सपाट ठेवला, दोन्ही तळहात त्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि पाहिले. माझ्या उजव्या हाताशेजारी 'डावी'. पुन्हा पाहिले, तेच. निष्कर्ष उघड होता: अप्पांची चूक झाली होती. त्या महिन्यात ते दिवसभर शाळा, संध्याकाळी हस्तलिखित, पहाटे उत्तरपत्रिका अशा कामात होते. दमल्या माणसाच्या हातून असे व्हायचेच. त्यांना जाऊन सांगावे का? ज्यांनी आयुष्यात फळ्यावर एक अक्षर चुकवले नव्हते, त्यांना त्यांच्याच मुलीने 'तुम्हाला डावे-उजवे कळत नाही' असे सांगायचे? मला ते जमेना. मी पेन्सिलीची अक्षरे हळूच खोडली आणि नावे बदलून चिकटवली. त्या दिवशी मी फार प्रेमाने जेवले. वडिलांची लाज राखल्याचे समाधान काही वेगळेच असते.

अप्पांनी छापण्यापूर्वी मुद्रिते तपासली नाहीत असे नाही. त्यांनी प्रत्येक नावाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले. जागा तपासली नाही, कारण जागा त्यांनी स्वतःच ठरवून दिली होती. पुस्तके हातगाडीवरून आली तेव्हा अव्वाने वरच्या प्रतीला विभूती लावली, बेलपान ठेवले, आणि बाराशे प्रती पुढच्या खोलीत भिंतीला लागून रचल्या. शाईच्या वासाने घर भरून गेले. येत्या आठवड्यात त्या दुकानांत आणि आसपासच्या शाळांत जायच्या होत्या. त्याआधीच्या रविवारी हृदयाचा जादा तास होता. अप्पांनी पन्नासेक प्रती वर्गासाठी नेल्या.

प्रयोगशाळेत टेबलाभोवती मुले दाटीने उभी होती. मी ट्रे ठेवला. अप्पांनी हृदय उघडून दाखवले आणि दरवर्षीप्रमाणे एका मुलाला पुढे बोलावून आत बोट घालायला सांगितले. तो मुलगा उचगावचा तानाजी. मागच्या बाकावर बसणारा, आवाज असा की बोलायला लागला तर शेजारच्या वर्गाने उत्तर द्यावे.

"काय जाणवतं?" अप्पांनी विचारले.

"सर, ही भिंत जाड हाय. ती पातळ."

"जाड भिंत कोणत्या जवनिकेची?"

"डावीची. तिला समद्या अंगाला रगात ढकलायचं असतंय की."

"शाब्बास. आता पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहा."

तानाजीने डाव्या हाताने पुस्तक उघडले, आकृती पाहिली, ट्रेकडे पाहिले, पुन्हा आकृती पाहिली. "सर, पुस्तकात उलटं दिलंया. जाड भिंतीला उजवी लिवलंय."

मुले हसली. "ए तान्या, सरांचं पुस्तक हाय त्ये!" कोणीतरी ओरडले.

"सरांचं असंल," तानाजी म्हणाला, "पण बोकडाचं खोटं कसं असंल?"

अप्पांनी चष्मा वर केला आणि पान डोळ्यांजवळ नेले. मी ट्रेची कड घट्ट धरून उभी होते. तेवढ्या क्षणात मला सगळे समजले असे म्हणता येणार नाही. मला एवढेच समजले की माझ्या दुरुस्तीत काहीतरी बिघडले आहे आणि ते बाराशे वेळा छापले गेले आहे. अप्पा फळ्याकडे वळले. त्यांच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले, 'हृदयाची आकृती चूक आहे. दुरुस्त करून मिळेल.' खाली रेघ मारली आणि लिहिले, 'चूक दाखवणारा: तानाजी, दहावी ब.' मग त्यांनी स्वतः टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तास सुटल्यावर मात्र ते घरच्या रस्त्याला वळले नाहीत. "दिनकररावांकडे जायचं," ते म्हणाले. "मी लिहून दिलेलं त्यांनी बदललं. पुस्तकातली चूक मुलाच्या उत्तरपत्रिकेत जाते, एवढं तरी छापणाऱ्याला कळायला हवं." सायकलच्या मागे बसून, मांडीवर तो फुलीचा डबा धरून, मी त्यांच्या सदऱ्याच्या पाठीकडे पाहत होते. सांगायचे तर आत्ताच सांगायला हवे होते. पण सांगितले तर ब्लेड जाईल, हे मला पक्के ठाऊक होते. ब्लेड गेले की शाई, शाई गेली की आकृत्या, आणि आकृत्या गेल्या की अप्पांच्या टेबलाची माझी बाजू.

शहरातले छापखाने सोमवारी बंद असत, त्यामुळे त्या रविवारी यंत्र चालूच होते. "मास्तर, एवढ्यात संपली पुस्तकं?" दिनकरकाकांनी हसून विचारले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी पान उघडून समोर ठेवले. "ह्या जागा कोणी बदलल्या?"

"माझी माणसं कागद बी हालवत न्हाईत, मास्तर. जसं आलं तसं फोटूला लावलं." तरीही त्यांनी आत हाक मारली, "बाबूराव, वाईच हिकडं या." बाबूराव म्हणजे आकृत्यांची फिल्म काढणारे वयस्कर गृहस्थ. ते हात पुसत आले. "मास्तरांच्या आकृतीला हात लावला व्हता का तुम्ही?" बाबूरावांनी पान पाहिले, अप्पांकडे पाहिले, मालकांकडे पाहिले. "न्हाई," ते म्हणाले, आणि मग, खात्री नसल्यासारखे, "लावला असंल तर ध्येनात न्हाई माझ्या." न केलेली चूक ते हळूहळू अंगावर घेऊ लागले होते. त्यांचा तो चेहरा मला पाहवेना.

"मी बदललं, अप्पा," मी म्हणाले. "तुमची चूक झाली असं वाटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

अप्पा आधी बाबूरावांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "बाबूराव, माझं चुकलं. घरात न विचारताच इथं आलो." मग माझ्याकडे. "आणि तू न विचारता बदललंस. आपल्या दोघांची चूक एकच आहे." त्यांनी दिनकरकाकांकडून मूळ आकृती मागून घेतली, मला उभे केले आणि तो कागद लोकांकडे तोंड करून माझ्या छातीला लावला. "उजवा हात वर कर." मी केला. "आता खाली बघ. त्या बाजूला काय लिहिलं आहे?" मी मान वाकवून पाहिले. 'डावी' लिहिले होते. "आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो," अप्पा म्हणाले. "त्याचं उजवं त्याला विचारायचं, आपल्या हाताला नाही." बाबूराव खूप वेळाने हसले. "पोरीनं कबूल केलं म्हणून," ते म्हणाले, "न्हाईतर मी आज कबूलच करणार हुतो."

प्रश्न उरला पुस्तकांचा. दिनकरकाकांनी शुद्धिपत्राची चिठ्ठी आत घालण्याचा उपाय सांगितला. अप्पांना तो मान्य नव्हता. मूल अभ्यासाला बसते तेव्हा चिठ्ठी हरवलेली असते, असे त्यांचे म्हणणे. घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर उभे राहून, आंघोळीचे पाणी येण्याची वाट पाहत, त्यांनी हा पेच अव्वाला सांगितला. चार कप्प्यांच्या नावांवर चार चिठ्ठ्या चिकटवाव्यात असा त्यांचा विचार होता. "गोधडी फाटली की चार ठिकाणी टाके घालत बसतो व्हय आपण?" अव्वा आतून म्हणाली. "वर एकच ठिगळ लावायचं. आख्खी आकृती नवी छापा. मी खळ करतो." (आमच्याकडे बायकाही 'मी करतो'च म्हणतात. शाळेच्या व्याकरणात ते बसत नाही, घरात मात्र उत्तम बसते.) अप्पांनी हातातला रिकामा तांब्या खाली ठेवला. "बरोबर आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी नव्या आकृतीवर नावे अप्पांनी स्वतः चिकटवली. मला बोलावले नाही, रागावलेही नाहीत. मी भाकरीपाशी बसून राहिले आणि ब्लेडचा बारीक आवाज ऐकत राहिले. मला त्यापेक्षा ओरडा चालला असता.

पुढच्या रविवारी आमच्या दोन खोल्यांच्या घरात दहावी ब जवळजवळ पूर्ण हजर होती. अव्वाने मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली आणि तिच्यात कागदाला किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातले. एकाने पुस्तक उघडायचे, दुसऱ्याने खळ लावायची, तिसऱ्याने ठिगळ बसवायचे, चौथ्याने फडक्याने दाबायचे, अशी साखळी अप्पांनी लावली. वर पत्रा, खाली चाळीस मुले, आणि मध्ये तानाजीचा आवाज: "आरं, हृदय वाकडं बसतंय तुझं!" दुपारी अव्वाने भडंग केले. तेलाचे हात पुस्तकाला लागू नयेत म्हणून चमच्याने खायची आज्ञा झाली. भडंग चमच्याने खाणाऱ्या मुलांचे चेहरे मी विसरणार नाही. आज्ञा अर्थातच फार वेळ टिकली नाही. त्या आवृत्तीच्या काही प्रतींत महाधमनीच्या आसपास हळदीचा पिवळा ठसा आहे. तो छपाईचा दोष नव्हे, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते.

एकच पुस्तक दुरुस्त झाले नाही. तानाजीने आपली प्रत शर्टाच्या आत लपवली होती. "माझं ऱ्हाऊ दे, सर," तो म्हणाला. "ही चूक म्या काढलीया." आता त्याचे उचगावात ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे. मागे मुलाच्या प्रवेशाचे विचारायला तो माझ्या शाळेत आला तेव्हा सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाला, "बाईंच्या हृदयातली चूक पहिल्यांदा म्या धरली." त्याला खुलासा करायला लावला, तेव्हा कुठे स्टाफरूम शांत झाली.

दिवस मावळताना मुले पांगली. पुस्तके पुन्हा भिंतीला लागून रचली गेली, खळीमुळे आता थोडी जाड. मी फरशीवरचे कपटे गोळा करत होते. अप्पांनी टेबलावरचे सामान आवरले, कपाटातून एक आकृती काढली आणि टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवली. पुढच्या पुस्तिकेसाठी काढलेली मूत्रपिंडे होती, एक किंचित वर, दुसरे किंचित खाली. शेजारी नावांचा गुळगुळीत कागद. त्यावर ब्लेड. अप्पा बाहेर जाऊन सायकलची हवा बघू लागले. मी आकृती दिव्याजवळ नेली आणि नीट पाहिली. पेन्सिलीने कुठेही काहीही लिहिलेले नव्हते.

मी खुर्चीवर बसले. ब्लेडला हात लावला नाही. "अप्पा," मी दाराकडे तोंड करून विचारले, "हा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, की पाठ करून?"

बाहेर पंपाचा आवाज थांबला. अप्पा दारात आले. गेल्या आठ दिवसांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. "तोंड करून," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून मोठ्याने, "ऐकलंस का गं? विचारलं तिनं!"

परातीतला आवाज थांबला नाही. "ऐकलं, ऐकलं," अव्वा आतून म्हणाली. "पण त्याला उभा का ठेवलाय मघापासनं? बसायला सांगा की. भाकरी झालीया."